मेश्राम मॅडमचा वानोळा

मेश्राम मॅडमच्या पुढे कोणी काहीही केलं की त्या आधी भाव विचारायच्या. घरच्या पेरूची फोड असो की मुलगा झाल्याचे पेढे, यांचं आपलं एकच, "भाव काय?" देणारा लाजायचा, "मॅडम, काहून लाजवता," म्हणायचा. पण त्या खरंच पर्स उघडून बसायच्या आणि समोरचा पैसे घेईपर्यंत तो पेढा तोंडात टाकायच्या नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ तेवढा यातून सुटला होता, कारण तो घेतला की लगेच त्या आपल्या डब्यातला काढून देणाऱ्याच्या हातावर ठेवत. फिट्टंफाट. बाई विक्षिप्त आहे, हे माझं पहिल्या आठवड्यातलं मत. ते मी वर्गात बोलूनही दाखवलं. माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. शहापूरला हायवेच्या कडेला दोन खोल्यांचं एक कम्युनिटी कॉलेज निघालं होतं आणि त्यात तीन महिन्यांचा 'व्यवसाय परिचय' नावाचा कोर्स होता. भिंतीवरचा नकाशा जुनाच, गोंदियासकट. मॅडमनी त्यावर लाल पेनानं मधोमध रेघ ओढली होती. जिल्हा अर्धा झाला पण नोकरी मागणारे काही अर्धे झाले नाहीत, म्हणून तुम्ही इथं बसला आहात, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मी आंधळगावची सून, बारावी झालेली, दोन लेकरांची आई. डी.एड. करायचं राहून गेलं होतं आणि त्याचा राग मी भांड्यांवर काढत होते. आंधळगावहून भंडारा, भंडाऱ्याहून शहापूर अशा दोन गाड्या बदलून मी यायची, ती फक्त एवढ्यासाठी की माझ्या नावानं ओळखलं जाईल असं काहीतरी एक मला करायचं होतं.

मॅडम शिकवायच्या मात्र फार गोड. पुस्तकात बिस्किटांच्या कंपन्यांची उदाहरणं होती, त्या ती वाचायच्या, पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "आता आपल्या बाजारात चला." पुस्तकातल्या 'ग्राहक' या शब्दाशी त्यांचं जमत नसे. "ग्राहक पत्र पाठवल्यावर येतो. गिऱ्हाईक असं दारातच उभं राहतं. त्याच्याकडे पाहा." चिखला गावचा एक मुलगा होता, वडील खाणीत कामाला, याला टेम्पो घ्यायचा होता. त्याला त्यांनी आठ दिवस नुसतं खाणीच्या फाट्यावर बसवलं. कोण, कुठं, काय घेऊन चाललंय ते पाहून ये म्हणाल्या. आम्हा सगळ्यांना त्या 'तुम्ही' म्हणायच्या, अगदी अठरा वर्षांच्या पोरीलाही. मी कुंदाताई.

दुसऱ्या महिन्यात प्रत्येकानं एक वस्तू करून बाजारात विकायची आणि वर्गात सांगायचं, असं ठरलं. मी तांदळाचे पापड केले. घरचा तांदूळ, सासूबाईंचा हात, उन्हं तापलेली. पापड असे उतरले की काय सांगू. बाजाराला चार दिवस होते. पण आमच्याकडे घरात नवं काही आलं की आधी त्याचा वानोळा जातो. शेतातली पहिली भाजी असो की वर्षाचे पहिले पापड, चार घरी दिल्याशिवाय आपण खायचं नाही. सासूबाईंनी फडकी काढली, गाठोडी बांधली. चार घरांची आठ झाली, आठाची अठरा. यांना दिलं आणि त्यांना नाही, असं कसं चालेल? बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा डब्याच्या तळाशी चुरा होता.

वर्गात मी हे हसत हसत सांगितलं. खरं तर तोऱ्यातच सांगितलं, की मॅडम, विकायला उरलेच नाहीत, अख्ख्या गावानं खाल्ले. मॅडमनी खडू उचलला. कोणाकोणाकडे गेले ते सांगा म्हणाल्या. मी सांगत गेले, त्या फळ्यावर गाव काढत गेल्या. देवळाची आळी, शाळेची आळी, बाजारचौक, अठराही घरं. मग त्यांनी तलावाची पाळ काढली आणि पाळीच्या पलीकडे, मी न सांगताच, आणखी एक आळी काढली. बारीक बारीक चौकोन, एकाला एक लागून. तिथं खडू टेकवून त्यांनी विचारलं, "कुंदाताई, यांना पापड आवडत नाहीत का?"

वर्गातली मुलं हसली. त्यांना वाटलं, धंद्याचंच चाललंय. मॅडमही तसंच बोलल्या, की गिऱ्हाईक समोर असून तुम्हाला दिसलं नाही, ही या कोर्समधली सगळ्यात मोठी चूक. मी मान खाली घातली. पाळीपलीकडे बौद्धांची घरं आहेत, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती आणि आमच्या घरून तिकडे एकही गाठोडं गेलेलं मी पाहिलं नव्हतं. मला ते खटकलंही नव्हतं, याचीच आज जास्त लाज वाटते.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं, आमच्या मॅडमना आपलं गाव एवढं कसं ठाऊक? आडनाव सांगितलं, त्यांचं माहेरचं नाव सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "थे तं सखूची पोरगी," म्हणाल्या. "सखू आपल्या बांधीत धान रोवण्याले ये. पोरगी बांधाच्या मेरेवर बसून पुस्तक वाचत राहे." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

मी दुसऱ्यांदा पापड केले आणि या वेळी टोपली घेऊन थेट पाळीपलीकडे गेले. पाळीवर दोनदा थांबले, खोटं कशाला सांगू. पहिल्याच दारात एका म्हातारीनं मला स्टूल दिलं, पाणी दिलं, भाव विचारला, घासाघीस केली आणि पैसे मोजून दिले. पाणी मी प्यायले. घरी सांगितलं नाही. तासाभरात टोपली रिकामी झाली. माझा धंदा सुरू झाला तो असा. आज माझ्या नावाचं लेबल असलेली पाकिटं तुमसरपर्यंत जातात, पण पहिली बोहनी त्या आळीतली.

आनंदानं मी एक पाकीट मॅडमसाठी घेऊन गेले. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, बांधणीचं कौतुक केलं आणि विचारलं, "भाव काय?" मी म्हटलं, मॅडम, हा वानोळा आहे. "वानोळा वेगळा, विक्री वेगळी. मी गिऱ्हाईक बरी," म्हणाल्या आणि पर्स उघडली. माझा असा संताप झाला! कोर्स संपला, प्रमाणपत्र मिळालं, पण दर वर्षी पापडांचा पहिला घाणा उतरला की मी शहापूरला जायची आणि दर वर्षी ही बाई माझ्या हातावर पैसे ठेवायची. पाच वर्षं हे चाललं. आमचं भांडण व्हायचं, चहा व्हायचा, आणि चहाचे पैसेही त्याच द्यायच्या.

सहाव्या वर्षी मी चिडून म्हटलं, "मॅडम, माझ्या हातचं फुकट घेतलं तर तुम्हाला विटाळ होतो का?" जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. त्या रागावल्या नाहीत. खिडकीबाहेर हायवेवरचे ट्रक बघत राहिल्या. मग सांगितलं. लहानपणी आईबरोबर त्या आमच्याच अंगणात यायच्या. नव्या तांदळाचा वानोळा निघायचा तेव्हा रोवणाऱ्या बायांनाही मिळायचा. पण उभं राहायचं ते खालच्या पायरीशी, ओंजळ पसरून, आणि तांदूळ सुपातून वरून पडायचा. काही ओंजळीत, काही मातीत. मातीतला त्या वेचायच्या. "फुकटचं वरून पडतं, कुंदाताई. विकतचं हातात येतं. मला हातात घ्यायची सवय लागली," म्हणाल्या, आणि मलाच पाणी दिलं.

मी त्यानंतर कधी हट्ट केला नाही. पैसे घेत राहिले. पण घरी येऊन सासूबाईंना मात्र सगळं सांगितलं, जरा कठोरपणेच. त्या हातातलं काम करत राहिल्या. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाल्या, "सूप माह्याच हातात राहे वो."

पुढे कोर्सला मुलं मिळेनाशी झाली. कॉम्प्युटरच्या कोर्सेसना गर्दी आणि आमच्या खोलीला कुलूप. मॅडम निवृत्त होऊन भंडाऱ्याच्या घरी राहिल्या. मुलगा पुण्याला. पोटाचा आजार निघाला, नागपूरच्या चकरा सुरू झाल्या. त्या उन्हाळ्यात पहिला घाणा उतरला तशी मी नेहमीसारखं लेबलाचं पाकीट पिशवीत टाकलं. सासूबाईंनी ते काढून बाजूला ठेवलं. गुडघे धरत उठल्या, पेटीतून आपल्या जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं काढलं, त्यात स्वतः पापड रचले, गाठ मारली. सोयऱ्यांकडे जातं तसं गाठोडं. मला देताना म्हणाल्या, "हातात देजो तिच्या. खाली नोको ठेवू."

मॅडम खाटेवर बसल्या होत्या. एवढीशी झाली होती बाई. मी गाठोडं पुढं केलं. सवयीनं त्यांचा हात उशीखालच्या पर्सकडे गेला. मी म्हटलं, "मॅडम, हे माझं नाही. सासूबाईंनी बांधलंय. तुमच्या हातात द्यायला सांगितलंय." पर्सकडे गेलेला हात तसाच थांबला. त्या गाठीकडे बघत राहिल्या. मी मनात म्हणत होते, घ्या हो मॅडम, एकदा घ्या. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ओंजळ नाही केली. हात केले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी आपल्या बोलीत बोलल्या, "दे कुंदा. बुढी मजेत हाय ना?"

मला रडूच आलं. त्या मात्र हसत होत्या. तिथंच एक पापड भाजायला लावला, अर्धा मला दिला. निघताना फडकं परत मागितलं तर म्हणाल्या, वानोळ्याचं फडकं रिकामं जात नाही, विसरलीस? अंगणातल्या झाडाची लिंबं तोडायला लावली, मोजून नाही, हाताला येतील तेवढी. त्याच फडक्यात स्वतः बांधली. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. मी मदत केली नाही.

सासूबाईंनी जेवायला बसल्यावर एक लिंबू चिरायला सांगितलं. वरणभातावर पिळलं आणि जेवल्या. बाकीची त्यांनी खारवून ठेवली. बरणीला कोणाला हात लावू देत नव्हत्या.

मॅडम त्या पावसाळ्यात गेल्या. पुढचा वानोळा त्यांना मिळाला नाही. एकच मिळाला. इतकी वर्षं जात होते, त्यातला तो एकच, याची हळहळ अजून जात नाही.

आता सासूबाईंना नीट दिसत नाही, पण पहिला घाणा उतरला की विचारतात, "सखूच्या पोरीचा काढला का?" मी काढला म्हणते. तेच फडकं घेते आणि पाळीपलीकडे मॅडमच्या भावजयीच्या घरी जाते. ती दोन्ही हातांनी घेते, बसवते, चहा करते, फडक्यात कधी शेंगा तर कधी कढीपत्ता बांधून देते. सगळं रीतीनं होतं. पण गाठोडं हातातून सुटतं तेव्हा मी दर वेळी क्षणभर तशीच उभी राहते, आणि भाव काय, असं कोणी विचारत नाही.