प्लगजवळचं पोस्टर

हॉस्पिटलांना लागणारी औषधं आणि इतर माल वेळेवर कसा पोचवायचा, या विषयावर नाशिकमध्ये एक परिषद होती. महामार्गालगतच्या एका हॉटेलात. आमच्या कॉलेजातून काही विद्यार्थ्यांची पोस्टर निवडली गेली, त्यात माझं एक होतं. आदल्या दिवशी सरांनी मला थांबवून सांगितलं, "बक्षिसाचं सोड. तुझं ट्रेनिंग अजून ठरलेलं नाही ना? तिथे मोठ्या हॉस्पिटलांची माणसं येतात. कुणाशी तरी बोल."

शेवटच्या वर्षी आम्हाला हॉस्पिटलच्या खरेदी किंवा स्टोअर विभागात काम शिकायचं असतं. जागा आपली आपण शोधायची. वर्गातल्या बहुतेकांची ठरली होती. कुणाचे मामा डॉक्टर होते, कुणाच्या बिल्डिंगमध्ये हॉस्पिटलचे मॅनेजर राहत होते. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. मी काय शिकते असं सटाण्याकडच्या आमच्या गावात कुणी विचारलं, तर आई "दवाखान्याचं" एवढंच सांगते. जागा मिळाली नाही तर अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या गोदामात पाठवू, असं सर म्हणाले होते. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला हॉस्पिटलच हवं होतं.

माझं पोस्टर आमच्या भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलमधल्या औषधांच्या कपाटावर होतं. तिथे नवीन खोके आले की ते पुढे ठेवले जायचे आणि मागची औषधं मुदत संपेपर्यंत तशीच पडून राहायची. दिवाळीच्या सुट्टीत मी ते कपाट लावून दिलं होतं. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, बाकीचं मागे, आणि कप्प्यांवर रंगीत चिठ्ठ्या. पोस्टरवर कपाटाचा आधीचा फोटो होता आणि नंतरचा.

सकाळी भाषणं झाली. त्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदीप्रमुख मॅडम बोलल्या. आवाज न चढवता, समजेल असं. मी ठरवलं, बोलायचं तर यांच्याशीच. काय बोलायचं ती इंग्रजी वाक्यं मी मनात घोकत बसले, त्यामुळे त्यांचं अर्धं भाषण ऐकायचं राहून गेलं.

पोस्टर बघण्याची वेळ जेवणाच्या सुट्टीतच ठेवली होती. सादर करणाऱ्याने पूर्ण वेळ पोस्टरजवळ थांबावं, अशी सूचना मेलवर आली होती. मी थांबले. थोड्याच वेळात जेवणाच्या हॉलबाहेरच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये फक्त पोस्टर होती आणि मी होते. आतून ताटल्यांचे आणि हसण्याचे आवाज येत होते. माझी वर्गमैत्रीण हातात ताटली घेऊनच बाहेर आली.

"अगं, पहारा देतेस का? चल, पनीर संपेल."

"सूचनेत लिहिलंय ना, थांबायचं म्हणून."

"लिहितात गं सगळे. आत ये, तिथेच ओळखी होतायत." ती जिलबीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबून परत गेली.

मला जावंसं वाटत होतं. पण मी आत गेले आणि नेमकं कुणी पोस्टर बघायला आलं तर? आणि आत जाऊन कुणाशेजारी उभं राहायचं, हेही कळत नव्हतं. आमच्याकडे कार्य असलं की कुणीतरी हाताला धरून पंगतीत बसवतं. इथे कुणी कुणाला जेवा म्हणत नव्हतं.

मग एक गृहस्थ थेट माझ्याकडे आले. मी सरळ उभी राहिले आणि घसा साफ केला. ते वाकले आणि पोस्टरच्या स्टँडमागे असलेल्या प्लगमध्ये त्यांनी चार्जर लावला. "बेटा, जरा लक्ष ठेवशील?"

त्यांचं बघून आणखी दोघं आले. एकाने स्वतःचा एक्स्टेंशन बोर्डच आणला. थोड्या वेळाने त्या मॅडमही आल्या. मी पहिलं वाक्य जुळवेपर्यंत "थँक्स हं" म्हणून फोन लावून गेल्यासुद्धा. माझ्या पायाशी अनोळखी माणसांचे फोन ओळीने पडले होते आणि मी त्यांची राखण करत उभी होते.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. आई.

"जेवनी का?"

"नाही अजून."

"तठे तुले कोनी वळखस का?"

"नाही गं आई," मी म्हणाले, "इथे कोणी नाही ओळखत." आणि घाईत आहे असं सांगून फोन ठेवला. घाई कसलीच नव्हती.

सुट्टी संपत आल्यावर एकेक जण येऊन आपापला फोन घेऊन गेला. मॅडम शेवटी आल्या. चार्जर काढून, वायर गुंडाळून पर्समध्ये टाकायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढाच वेळ माझ्याकडे होता. घोकलेलं इंग्रजी एकही वाक्य आठवेना.

"मॅडम, मला तुमच्याकडे ट्रेनिंग करायचंय."

"वेबसाइटवर अर्ज कर. ते एचआरवाले बघतात."

"केलाय. दोनदा." त्या निघाल्याच होत्या. "मॅडम, पोस्टर तरी बघाल का?"

त्या थांबल्या. चष्मा लावून त्यांनी दोन्ही फोटो नीट पाहिले. इतका वेळ कुणी ते पाहिले नव्हते, म्हणून मला उगाच भरून आलं.

"हे तू लावलंस?"

"हो. दिवाळीत."

"आणि आता कसं आहे?"

मला प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे तू निघून आल्यावर टिकलं का? का पुन्हा होतं तसं झालं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. मी परत गेलेच नव्हते. फोटो काढला, माझं काम झालं, असंच मी धरून चालले होते.

त्या रागावल्या नाहीत. "बघून ये. मग मला फोन कर, ट्रेनिंगचं तेव्हा बोलू." त्यांनी कार्ड दिलं आणि त्या हॉलमध्ये गेल्या. मी आत जाईपर्यंत जेवणाची भांडी उचलली होती. आचाऱ्याने विचारून मला दही-भात वाढला. मी भिंतीकडे तोंड करून जेवले.

शनिवारी सटाण्याची बस धरली. घरी न जाता आधी त्या छोट्या हॉस्पिटलमध्ये गेले. कपाट उघडलं. माझ्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, फक्त रंग थोडे उडाले होते. आणि त्यांच्यासमोर नवीन खोके, पुन्हा पुढेच. बाहेरच्या बाकावर बसून मी फोन लावला.

"मॅडम, नाही टिकलं."

"का नाही टिकलं?"

"अजून कळलं नाही."

"मग कळल्यावर ये. सोमवारी आलीस तरी चालेल."

मी फोन ठेवला. हे ज्याला सांगावं असं तिथे कुणीच नव्हतं. तिथल्या सिस्टर ड्यूटी संपवून निघाल्या होत्या, मला बघून थबकल्या.

"तू इथे काय करतेस गं? कुणाची वाट बघतेस?"

"औषधांची गाडी कधी येते?"

"येईल संध्याकाळपर्यंत. तुला काय करायचंय?"

"खोके कोण आणि कसे लावतं, ते बघायचंय."

"बघ बाई," त्या हसल्या आणि गेल्या. मी पिशवी मांडीवर घेतली आणि फाटकाकडे तोंड करून बसले.