जिजूंच्या एक्सेल शीटमध्ये माझं नाव

मंडळी, आज दुपारी ताई आणि जिजू लॅपटॉप उघडून बसले होते. इथे अमेरिकेत माझ्या भाचीची, सईची शाळा ठरवायची होती. पब्लिक म्हणजे सरकारी, चार्टर म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र चालणारी, प्रायव्हेट, होमस्कूल असे चार कॉलम.

पब्लिकखाली, 'धोके' या ओळीत, माझं नाव!

"उदाहरण म्हणून लिहिलंय रे," जिजू म्हणाले. "इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये शिकलास आणि कॉलेज अर्धवट सोडलंस."

"डिलीट कर रे ते," ताई जिजूंना म्हणाली. पण पब्लिक स्कूल बादच झालं. सईच्या सगळ्या मैत्रिणी तिथेच जाणार आहेत.

एरवी मी लॅपटॉप आपटला असता. आज रागसुद्धा आला नाही.

शाळा चांगली होती यार. कॉलेज मी एका मुलीच्या नादात सोडलं. ती आता फोनही उचलत नाही. हे घरी कुणालाच माहीत नाही.

सईसाठी सांगून टाकू का?