गादीचा रोजचा रिपोर्ट

"काय गं सई, गादी कोरडी का?"

मी केबिनच्या दारातूनच विचारलं. बाहेर बाकावर सात माणसं. साडेसहा वर्षांची सई आजीच्या पदराआड गेली. मुलुंडमध्ये मुलांचा डॉक्टर म्हणून बावीस वर्षं काढली, पण तोंडाला ब्रेक काही बसला नाही. आत घेतल्यावर सॉरी म्हटलं. तिने ते स्वीकारलं नाही. बरोबरच होतं.

तिचे बाबा नीलेश मात्र खुशीत. "डॉक्टर, चार्ट झकास चाललाय," म्हणत त्यांनी मोबाईल पुढे केला.

चार्ट महिन्यापूर्वी मीच दिला होता. या वयात गाढ झोपेत लघवीची पिशवी भरल्याचा निरोप बऱ्याच मुलांच्या मेंदूपर्यंत पोचत नाही. मूल आळशी नसतं, मुद्दाम करत नसतं. म्हणून सांगितलं होतं : दिवसा भरपूर पाणी, झोपायच्या आधी तासभर बेताचं, पोट रोज साफ, आणि झोपताना सू. सू करून आली की एक स्टार. गादी ओली झाली तर चादर बदला आणि गप्प राहा. स्टार सवयीला द्यायचा, कोरड्या गादीला नाही. गादी तिच्या हातात नसते.

मोबाईलवर होता फॅमिली ग्रुप. चौतीस माणसं. रोज सकाळी चार्टचा फोटो : कोरडी तर हिरवा गोल, ओली तर लाल. खाली काकाचं "आज पण पूर?" आणि आत्याचं "शेम शेम".

"अहो, हे काय आहे?"

"मोटिव्हेशन. ऑफिसात आम्ही टार्गेट असंच बोर्डवर लावतो ना."

माझं डोकं सणकलं. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "सू करताना जळतंय म्हणते. म्हणून मीच आणलं आज." सईचे ओठ सुकलेले होते.

"शाळेत बाटलीतलं पाणी पितेस ना?"

"नाही. पाणी नाही प्यायलं की गोल हिरवा येतो."

लघवी तपासली. इन्फेक्शन.

"नीलेश, पोरगी दिवसभर तहानलेली बसते, आणि तुम्ही ग्रुपवर गोल रंगवताय? तुमच्या लघवीचा रिपोर्ट लावू का ऑफिसच्या बोर्डवर?"

"पण डॉक्टर, आमच्या घरात हे कुणालाच नव्हतं."

घरात कुणाला होतं का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कारण हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं. तेव्हाही साहेबांनी 'नाही' म्हटलं होतं.

"निल्या," आजी म्हणाल्या, "चौथीपर्यंत तुझी गादी गॅलरीत वाळत होती. अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. खोटं कुणाला सांगतोस रे?"

सई पदराबाहेर आली. "बाबा, तू पण?"

नीलेशने मान खाली घातली. मग तिथेच बसून सगळे फोटो काढून टाकले आणि ग्रुपवर लिहिलं, "मी चौथीपर्यंत." मग काकाचा मेसेज, "मी तिसरीपर्यंत." आत्याने आपलं "शेम शेम" पुसून टाकलं. सईने माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि संपवला.

औषधाने इन्फेक्शन गेलं. गादी अजून अधूनमधून ओली होते, ती आपल्या वेळेने थांबेल. या केसमध्ये औषध एकीला लागलं, उपचार चौतीस जणांवर करावे लागले.

हे सगळं लिहून बायकोला वाचायला दिलं. वाचून म्हणाली, "त्यांनी चौतीस जणांना सांगितलं. तू तर छापायला निघालास. पोरीला विचारलंस का?"