मुद्देमालातलं शिलाई मशीन

या बायांनो, जरा जवळ सरका. आधी रागावून घेते, मग सांगते. हप्तेवाला गल्लीत शिरला की तुम्ही आतून कडी लावता आणि लेकराला म्हणायला लावता, "आई घरी न्हाई." काहून? चोरी केली का तुम्ही? सही करताना कागद वाचायचा नाही आणि नंतर त्याच कागदाला भूत समजून घाबरायचं, ही आपली जुनी खोड. ती मोडावी म्हणूनच हे लिहायला बसले.

पोलीस खात्यात मी शिपाई म्हणून शिरले आणि फौजदार होऊन निघाले. दहावीच्या पुढचं जे काही शिकले ते ठाण्यातच. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी म्हटलं, बाई एखादी केस सांगा, की मला आजही आठवते ती तेलाची कुप्पी घेऊन आलेली बाई.

मी तेव्हा सहायक फौजदार होते, बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात. त्या दिवशी ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर माझीच ड्यूटी होती. हजेरी झाली, स्टेशन डायरीत नोंदी झाल्या, चहा यायचा होता. तेवढ्यात नेकनूरकडून येणाऱ्या एसटीतून उतरलेली एक बाई दारात उभी राहिली. चपला बाहेर काढून आली, देवळात यावी तशी.

"काय झालं बाई?"

"काय न्हाई म्याडम. माझं मशीन तुमच्याकडं ठिवलंय. तेवढं तेल घालून जाते."

"कसलं मशीन?"

"शिलाईचं. परवा जप्त करून आणलं न्हवं तुमी? बंद पडून राहिलं की जाम होतंय. सोडा म्हणत न्हाई मी. तेल घालू द्या फक्त."

आमचे मुद्देमालाचे हवालदार निवृत्तीला टेकलेले, शिस्तीचे. त्यांनी खोली उघडली, रजिस्टर काढलं, आत जाऊन आले. म्हणाले, "दोन सायकली हायत, एक पाण्याची मोटर हाय, हातभट्टीचे डबे हायत. मशीन न्हाई." मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "म्याडम, आपणच तर कुठं ठेवून विसरलो न्हाई ना?"

मी बाईला बसवलं, चहा दिला आणि सगळं विचारलं. फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून तिनं मशीन घेतलं होतं. नवऱ्याचा पाय मोडला, प्लॅस्टर लागलं, दोन हप्ते थकले. मग वसुलीचा माणूस टेम्पो घेऊन आला, बरोबर खाकीतला एक पोलीस. पोलिसानं कागद वाचून दाखवला, जप्ती म्हणाला, आणि मशीन उचलून नेलं. घर त्या मशीनवर चालायचं. शेजारच्या लग्नाचे अकरा ब्लाउज कापून तिच्या घरी पडले होते आणि लग्न सहा दिवसांवर आलं होतं. ब्लाउज झाले नाहीत तर यंदाच नव्हे, पुढच्या वर्षीही गावातलं गिऱ्हाईक फिरकणार नव्हतं.

तिनं पदराच्या गाठीतून कागद काढून दिला. मी पाहिला आणि चष्मा पुसून परत पाहिला. वर 'जप्ती आदेश', खाली गोल शिक्का. पण जावक क्रमांक नाही. आमच्या ठाण्यातून पंखा दुरुस्तीचं पत्रसुद्धा जावक क्रमांकाशिवाय बाहेर पडत नाही. शिक्का उजेडात धरला, तर तो कुठल्याशा दूध संकलन केंद्राचा निघाला.

"बाई, हा पोलीस खोटा होता. दिसायला कसा होता? उंची?"

"न्हाई बघितली."

"रंग? काळा, गोरा?"

"मान खालीच होती माझी."

"मिशी होती का?"

"आसंल."

हवालदारांनी पेन ठेवलं. "काहीच न्हाई बघितलं का ओ तुमी?"

"बघितलं की. छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस. डावा खांदा अर्धा इंच उतरता. आन् शर्ट त्याचा न्हवता."

हवालदारांनी पेन परत उचललं. मी विचारलं, "शर्ट त्याचा नव्हता हे कशावरून?"

"त्या शर्टाची कॉलर म्याच उलटी करून शिवलीय. खाकी दोरा संपलाता, म्हणून मेंदी रंगाचा घातला. वरच्या आळीतल्या एसटीच्या डायवरभाऊंचा शर्ट हाय त्यो."

"अहो, मग हे त्याच वेळी का बोलला नाहीत?"

"म्या म्हणलं, सरकार एकच हाय. शर्टबी एकमेकाला देत आसतील."

ड्रायव्हरला बोलावणं धाडलं. तो आला, मागोमाग त्याची बायकोही आली. त्याचं पहिलंच वाक्य, "म्याडम, गाडी कुणाला घासली असंल तर आरशाचा दोष हाय, माझा न्हाई." शर्टाचं विचारलं तर बायकोकडं बघायला लागला. ती म्हणाली, "माझ्या भावानं नेलाय. नाटकात पोलिसाचं काम मिळालंय म्हणाला." तसं पाहिलं तर भाऊ खोटं बोलला नव्हता.

हा भाऊ फायनान्स कंपनीनं वसुलीला नेमलेल्या एजन्सीतच कामाला होता. त्याला आणला तेव्हा ऐट अशी, की आम्हीच त्याचे दोन हप्ते थकवलेत. "मी कंपनीचा अधिकृत माणूस हाय. आमचे वकील येतील."

"येऊ देत. तोवर ओळखपत्र दाखवा."

ओळखपत्राची मुदत कधीच संपली होती.

"या बाईंच्या नावानं कंपनीनं दिलेलं अधिकारपत्र?"

"ते हापिसात हाय."

"पोलिसाचा वेश केला होता का?"

"मी न्हाईच त्यो. त्या बाईला चेहरा तरी सांगता येतो का, इचारा."

इथे तो फसला. बाईनं चेहरा पाहिला नव्हता हे त्याला कसं कळलं? समोर तोच उभा होता म्हणूनच ना? पण मी ते लगेच बोलून दाखवलं नाही. बाईला आत बोलावलं आणि म्हटलं, "टेप आणलाय का?" टेप तिच्या गळ्यातच होता. ती पुढं झाली, मान तशीच खाली, आणि मापं घ्यायला लागली. टेप लावून ओळख परेड होत नाही, कोर्टात ती टिकली नसती, हे मलाही ठाऊक होतं. पण त्याला कुठं ठाऊक होतं?

"छाती बेचाळीस," बाई म्हणाली. हवालदार मोठ्यानं परत म्हणाले, "बेचाळीस."

"पोट चव्वेचाळीस."

"श्वास सोड बे," हवालदार त्याला म्हणाले, "पोट आत ओढून गुन्हा लपत न्हाई."

ती डाव्या खांद्याला टेप लावायला गेली आणि गडी खुर्चीत बसला. "बास करा बाई. मशीन घरी हाय."

"कुणाच्या घरी?"

"माझ्या. बायकोला पाहिजे होतं. पण काय उपयोग, चालतच न्हाई. जाम झालंय."

आता मात्र बाईनं मान वर केली. पहिल्यांदाच. "तेल न्हाई घातलं तर कसं चालंल? दुसऱ्याची वस्तू नेली ती नेली, निगा तरी राखायची का न्हाई?" मी इतकी वर्षं चौकशा केल्या, पण आरोपीला एवढी लाज वाटलेली पाहिली नाही.

गुन्हा दाखल झाला, टेम्पोवाला साथीदारही सापडला. पंचांसमक्ष पंचनामा करून मशीन ठाण्यात आणलं, रजिस्टरला नोंद झाली. बाई मुद्देमालाच्या खोलीकडं बघत म्हणाली, "म्हंजे आता खरंच तुमच्याकडं जप्त हाय."

खरंच होतं. कोर्टाच्या हुकमाशिवाय मलाही ते देता येईना. तेल घालायलाही नाही, कारण पुराव्याला हात लावायचा नसतो. चोरानं नेलं तेव्हा तिला आशा तरी होती. शेवटी मी तिला माझ्या क्वार्टरवर नेलं. माझं जुनं पायमशीन होतं, त्यावर तिनं चार दिवसांत अकरा ब्लाउज शिवले. संध्याकाळी आमची शिपाई मुलगी हूक लावायला बसायची. लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज पोचले. कोर्टाचा हुकूम त्यानंतर आला आणि सुपुर्दनामा लिहून मशीन तिच्या घरी गेलं.

कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे." मी म्हटलं, वसुलीला तुम्ही नेमलाय ना, मग त्याच्या वागण्याचं उत्तर तुम्हीच द्यायचं. बाईनं नवऱ्याच्या दवाखान्याचे कागद जोडून लेखी अर्ज दिला, कंपनीनं हप्ते लहान करून मुदत वाढवली. कर्ज तिनं पुरतं फेडलं, पावती घेऊन फेडलं. बुडवायला मी कधीच सांगणार नाही.

पण एवढं ध्यानात ठेवा. वसुलीचा माणूस सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर येऊ शकत नाही, फोनही करू शकत नाही. आला तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा. शिव्या, धमक्या, शेजाऱ्यांपुढं तमाशा, यातलं काही चालत नाही. हप्ता थकला म्हणून पोलीस धरून नेत नाहीत, आणि हप्ते गोळा करणं हे पोलिसांचं काम नाही. कुणी घरात घुसून वस्तू उचलली तर आमच्याकडं या, आणि चपला घालून या.

मला या केसनं काय शिकवलं? त्या माणसाकडं ना पिस्तूल होतं, ना काठी. आमच्या खाकीची भीती एवढंच त्याचं भांडवल, आणि तीही मेहुण्याच्या शर्टाची. ही भीती लोकांच्या मनात कुणी घातली, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. दुसरं म्हणजे, मी आपली छापील प्रश्न विचारत बसले होते, उंची आणि रंग. माणसाला त्याच्या धंद्यातलं विचारावं. कुंभाराला मडकं दिसतं, शिंप्याला खांदा दिसतो.

माझा ब्लाउजही तिनंच शिवला तेव्हा. शिलाई पुरी घेतली, एक रुपया सोडला नाही. म्हणाली, "म्याडम, हप्ता हाय माझा." जाताना तेलाची कुप्पी माझ्या मशीनपाशी ठेवून गेली, कारण तेही तिला जरा करकरताना दिसलं होतं.

आता मी निवृत्त होऊन बीडजवळ पालीच्या रस्त्याला राहते. वेळच वेळ आहे. कुणाच्या हातात न समजणारा कागद पडला असेल तर कडी लावून बसू नका, घेऊन या, मिळून वाचू. कागद नसला तरी या, पण लवकर या. कुप्पीतलं तेल अजून शिल्लक आहे आणि चहाचं आधण ठेवायला मला कोर्टाचा हुकूम लागत नाही.