दुधरामच्या टाकीवरचा फुगा

बिरसी विमानतळाजवळच्या आपल्या गावात दुधराम कापगते विमान बांधत होते, याचे आता कोणाला नवल राहिले नव्हते. राईस मिलमधली फिटरची नोकरी संपली, तेव्हा त्यांनी दोन सीटच्या विमानाच्या सुट्या भागांचा संच मागवला आणि धानाच्या कोठीत जोडणी सुरू केली. घराणे कोहळी समाजाचे, तलाव बांधण्यात नावाजलेले.

"बापजाद्यानं पाणी अडवलं, तू पेट्रोल अडवून राहिला," शेजारचे घनश्याम चिडवत.

पेट्रोलची टाकी पंखातच बसते. अ‍ॅल्युमिनियमचा प्रत्येक सांधा, प्रत्येक रिव्हेट काळ्या चिकट लेपाने आतून बुजवायचा. तो हाताला लागला की निघता निघत नाही. धुरपताबाईंनी नवऱ्याला चुलीवरच्या भाताच्या गंजाला शिवायची बंदी केली होती. अखेर मागचा पत्रा ठोकून टाकी बंद झाली. दुधरामांनी झाकण चिकटपट्टीने बंद केले, हवेच्या नळीवर लाल फुगा बांधला आणि टाकीत हवा भरली. फुगा टिकला तर टाकी पक्की.

पौषातली सकाळ. पाहतात तर फुगा मलूल होऊन लोंबतोय. दुधरामांनी सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावले, कुठे बुडबुडा दिसेना. आता सगळे रिव्हेट ड्रिलने उडवून टाकी उघडायची, म्हणजे महिन्यांची मेहनत मातीत. ड्रिल उचलले, पण धीर होईना. ते खाली ठेवून घरात गेले.

उन्हे चढल्यावर धुरपताबाई सूप आणायला कोठीत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अवो, तुमचा फुगा तं टम्म फुगून राहिला!"

"काऊन वो, तू फुंकला का?"

"माया फुंकीनं चूल पेटते, विमान नाही!"

दुधराम धावले. कोठीवरचे टिन तापले होते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. थंडीने आतली हवा आकसली होती, उन्हाने पसरली. गळती असती, तर फुगा पुन्हा भरलाच नसता! दुसऱ्या दिवशीही तेच झाले: सकाळी मलूल, दुपारी टम्म. मग मात्र त्यांनी घनश्यामांना हाक मारली.

"काय गा, फुटली का टाकी?"

"फुगा दाबून पाह्य."

घनश्यामांनी फुगा दाबला. सोडताच तो पुन्हा ताठ. त्यांनी टाकीची एक बाजू उचलली. दोघांनी ती पंखात बसवली, धुरपताबाई एकेक स्क्रू हातात देत राहिल्या.

"दुसऱ्या सीटवर कोण बसन गा?" घनश्यामांनी हळूच विचारले.

"त्याचा इचार तुमी नका करू," धुरपताबाई म्हणाल्या आणि पुढचा स्क्रू नवऱ्याच्या हातावर ठेवला.