सिंधुबाईंनी लिंपलेले डबे

घाटनांदूरला ज्ञानोबांचं घर विचारायचं तर ‘सिनेमावाले ज्ञानोबा’ असं विचारावं लागतं. खरं म्हणजे त्यांची सगळी नोकरी एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून गेली. पण तिशीत असताना बदली झालेल्या एका डॉक्टरांनी सामान आवरता आवरता त्यांना एक लहानसा प्रोजेक्टर देऊन टाकला आणि त्याच्याबरोबर दोन रिळं. करंगळीच्या नखाएवढी रुंद फिल्म, बशीएवढं रीळ आणि त्यात दहा मिनिटांची परदेशी मारामारी. तिकडं म्हणे लोक मोठ्या सिनेमातले असे तुकडे घरच्या भिंतीवर बघायला विकत घेत. त्या दिवसापासून आमचा माणूस बिघडला, असं त्यांच्या पत्नी सिंधुबाई सांगतात, पण सांगताना त्यांच्या तोंडावर तक्रार नसते.

पुढं वर्षातून एकदोनदा ज्ञानोबा रेल्वेनं हैदराबादला जायचे आणि तिथल्या गुरुवारच्या जुन्या बाजारातून एखादं रीळ घेऊन यायचे. सिंधुबाईंसाठी बांगड्या, लेक पंचशीलासाठी बिस्किटाचा पुडा आणि स्वतःसाठी रीळ. अशी एकतीस रिळं झाली. त्यांच्यावरची इंग्रजी नावं ज्ञानोबांनी कधी वाचली नाहीत. बघून झालं की ते स्वतःच बारसं करायचे : ‘लंगडा घोडा’, ‘टोपीवाला’, ‘दोन जिने’, ‘पुलावरचा’. यंत्राचा दिवा गेला तेव्हा त्यांनी मोटारीचा बल्ब बसवला, पट्टा तुटला तेव्हा शिलाई मशीनचा लावला.

खेळ रविवारी दुपारी. खिडकीवर घोंगडी टाकायची, भिंतीवर चुन्यानं रंगवलेला चौकोन होताच. सिंधुबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत बसायच्या, आणि निवृत्त पोस्टमन सिदू न चुकता यायचे. रिळांना आवाज नव्हता, म्हणून सगळ्यांचं बोलणं ज्ञानोबा एकटेच बोलायचे.

“थांब बे, कुठं पळायलास? बांध कोरून वर मलाच तलवार दाखवायलास व्हय?”

“आरं, त्याचं राज्य गेलंय, बांध न्हाई,” सिदू म्हणायचे.

“राज्य म्हंजे मोठा बांधच की बे.”

‘पुलावरचा’ सगळ्यांत लाडका. दोराच्या पुलावर एक माणूस तिघांशी झुंजतो, दोर एकेक करून तुटत जातात, शेवटच्या दोराला तो लोंबकळतो आणि रीळ संपतं. पुढचा तुकडा ज्ञानोबांना कधी सापडला नाही.

“तीस वर्सं लटकलाय बिचारा,” सिदू म्हणायचे. “हात दुखत नसतील का त्याचे?”

“त्याच्या हाताचं सोड. तू चहाची बशी नीट धर.”

वीसेक वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात रिळांच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला वाळवी लागली आणि एक रीळ कडेनं खाल्लं गेलं. ज्ञानोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सिंधुबाई म्हणाल्या, “आणा हिकडं. धान्यावानी ठेवू.”

धान्य ठेवण्यात सिंधुबाईंचा हात धरणारी बाई गावात नव्हती. लोक त्यांना आपली कोठी लिंपायला बोलावून नेत. त्यांनी पत्र्याचे तीन डबे रिकामे केले. तळाला सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घातला, एकेक रीळ जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं, वर पुन्हा पाला, मग झाकण. झाकणाच्या कडेनं कणकेची लांब वळी फिरवून अंगठ्यानं अशी दाबली की मुंगीला शिरायला जागा राहू नये. गुढीपाडवा झाला की डबे लिंपायचे आणि दसऱ्याला फोडायचे, असा नेमच पडला आणि मधले महिने खेळ बंद. तिन्हींतल्या एका डब्याचं झाकण वाकडं होतं. त्याची कणीक आठ दिवसांत तडकायची, आणि सिंधुबाईंना दर वर्षी त्याची लाज वाटायची.

मागल्या काही वर्षांत डबे फोडले की जरासा आंबट वास यायचा. पाल्याचा असेल, असं दोघंही म्हणायची. गेल्या दसऱ्याला मात्र पहिला डबा फोडला आणि घरभर सिरक्याचा भपकारा सुटला.

“लोणचं घातलंय का, वैनी?” सिदूंनी दारातूनच विचारलं.

ज्ञानोबांच्या हातात ‘लंगडा घोडा’ होता. फिल्म पापडासारखी आकसून लाटा लाटांची झाली होती. यंत्रात घातली तर दोन वीत सरकली आणि कटकट आवाज करत तुटली. दुसऱ्या डब्याचंही तेच. दोन डब्यांतली बावीस रिळं वाया गेली होती. वाकड्या झाकणाच्या डब्यातली नऊ तेवढी धड निघाली, आणि ‘पुलावरचा’ त्यांत होता.

“नशीब,” ज्ञानोबा म्हणाले. तो रविवार त्यांनी ‘पुलावरचा’ दोनदा लावला, पण बोलले काहीच नाहीत. त्या दिवशी भिंतीवरची माणसं पहिल्यांदाच मुक्यानं भांडली.

दिवाळीला पंचशीला आली. ती पुण्याला दवाखान्यात नर्स आहे. खराब झालेली तीन रिळं आणि धड असलेलं ‘दोन जिने’ ती बरोबर घेऊन गेली. अशा फिल्मांची नक्कल उतरवून देणारा एक माणूस तिनं तिथं शोधला होता. ‘दोन जिने’ची नक्कल फोनवर आली, रीळही परत आलं. ज्ञानोबांनी फोन हातात धरून सगळं बघितलं आणि लेकीला सांगितलं, “छान झालंय. ओळखीच्या मानसाचा फोटो बघितल्यावानी वाटलं. बाकीची ऱ्हाऊ दे.”

माघात एकदा ज्ञानोबा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला अंबाजोगाईला गेले होते, तेव्हा पंचशीलाचा फोन आला.

“आई, ती तीन रिळं न्हाई व्हायची. आन एक सांगते, मनाला लावून घेऊ नको. ही फिल्म जुनी झाली की आतून आंबट वाफ सोडते म्हनला तो. वारा लागला तर वाफ निघून जाते. डबा गच्च बंद असला की ती आतच कोंडते आन फिल्मला खाते.”

सिंधुबाईंनी खाली बसून घेतलं. “गच्च म्हंजे?”

“आपन लिंपतो तसं.”

फोन दुसऱ्या कानाला लावून त्यांनी विचारलं, “आन वाकड्या झाकनाचं?”

“म्हनूनच वाचली ती नऊ. आई, तू काय मुद्दाम केलंस का? मी सांगू का बाबाला?”

“तू नको. मी सांगते.”

पण सांगणं झालं नाही. संध्याकाळी ज्ञानोबा आले, हातपाय धुऊन चहा प्याले आणि आपण होऊनच म्हणाले, “गाडीत इचार करायलो होतो, सिंधू. तुजा हात लागला म्हनून नऊ तरी ऱ्हायली. माझ्या हातात असती तर एक बी दिसलं नसतं.” सिंधुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी ती तव्यावर टाकली आणि उलटायची विसरल्या.

दोन महिने त्या रोज सकाळी ठरवायच्या की आज बोलायचं. मग ज्ञानोबा त्या बावीस रिळांतलं एखादं काढून ओट्यावर बसायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, हातानं सरळ करू पाहायचे, आणि सिंधुबाई आत निघून जायच्या. उन्हं तापायला लागली. पाडवा आला.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी ज्ञानोबा बाजारातून नवा डबा घेऊन आले. चकचकीत, घट्ट झाकणाचा. झाकण लावून त्यांनी ते दोन्ही अंगठ्यांनी उचकटून दाखवलं.

“बघ, फक्कन आवाज येतो. वाकड्याची भानगड मिटली. नऊच्या नऊ ह्याच्यात. पाला वाळलाय, तू कनीक भिजव.”

“कनीक नको ह्या वर्साला,” सिंधुबाई म्हणाल्या. “झाकनच घट्ट हाय की.”

“कावून? हात दुखतोय का?”

हो म्हणायचं सोपं होतं. सिंधुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग एका दमात सगळं सांगितलं : पंचशीलाचा फोन, आतली वाफ, कोंडणं, वाकडं झाकण. “माझ्याच हातानं झालं. आता ही नऊ उघडी ठिवा. जरा वारा लागू द्या. पाया पडते.”

ज्ञानोबांनी एकदा कोपऱ्यातल्या जुन्या डब्याकडं पाहिलं. त्याच्या वाकड्या कडेला गेल्या साली तडकलेली कणीक अजून चिकटलेली होती. तीस वर्षं नुसता इंजिनाचा आवाज ऐकून कुठं बिघाड आहे ते सांगणारा हा माणूस. सिंधुबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि त्यांना दिसलं की ज्ञानोबांना कळलंय. ते कळणं डोळ्यांत एकदम आलं आणि तसंच मागं गेलं.

“त्याला काय कळतंय?” ज्ञानोबा म्हणाले. “पुन्यात बसून सांगायलाय. आपल्याकडचं ऊन बघितलंय का त्यानं? उनानं गेली ती.”

“तिन्ही डबे एकाच फळीवर होते, अवो.”

“वाकडं डबं भिताडाच्या आडोशाला होतं.”

“मधी होतं. मीच ठिवलतं.”

“सिंधू, तुझ्या ज्वारीला वीस वर्सांत कधी किडा लागला का?”

“ज्वारी येगळी.”

“लागला का, तेवढं सांग.”

“न्हाई लागला.”

“मग झालं.” ते उठले. “ज्या हातानं वीस वर्सं लिंपलं, त्या हाताला कोनी पुन्याहून नावं ठिवायची न्हाईत. पंचीला बी सांगून ठिव.”

“मला कोन नावं ठिवतंय? मीच म्हनायले.”

“तू बी म्हनायचं न्हाई.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सिंधुबाईंना भांडता आलं असतं. ज्ञानोबा स्वतः स्वयंपाकघरात गेले, डब्यातून पीठ घेतलं आणि परातीत पाणी ओतलं. उभ्या जन्मात त्यांनी कणीक भिजवली नव्हती. ती मनगटापर्यंत चिकटली. मग त्यांनी नव्या डब्यात पाला पसरला, एकेक रीळ फडक्यात गुंडाळून ठेवलं, ‘पुलावरचा’ सगळ्यांत वर, आणि झाकण दाबून त्याच्या कडेनं कणकेची वळी फिरवली.

सिंधुबाई दाराला टेकून बघत होत्या. कणीक फार सैल झाली होती. अशा कणकेला दोन दिवसांत सुकून तडे जातात, चांगली बोटभर फट पडते, हे त्यांना बघताक्षणी कळलं. लहानपणापासून कुणाचं लिंपण चुकलेलं दिसलं की त्यांच्यानं गप्प बसवत नसे. आज त्या गप्प बसल्या.

“बघ बरं,” ज्ञानोबांनी विचारलं. “झालं का घट्ट?”

“झालं,” सिंधुबाई म्हणाल्या.

ज्ञानोबांनी मान हलवली आणि सवयीनं झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, रेडिएटरची गळती शोधावी तसा, सावकाश, पूर्ण एक फेरा. अर्ध्यावर, कणीक सैल लागली तिथं, ते थांबले आणि त्यांनी सिंधुबाईंकडं पाहिलं. परातीत आणखी मूठभर कोरडं पीठ टाकून त्यांनी कणीक पुन्हा मळली, या वेळी घट्ट, अगदी सिंधुबाई मळायच्या तशी. सैल वळी खरवडून काढली.

“डबा सरकतोय,” ते म्हणाले. “जरा धर.”

सिंधुबाई समोर येऊन बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी डबा धरला.