हळदीच्या पिंपातली बियर

कडू म्हणजे औषध, एवढंच आमच्या घरात ठरलेलं होतं. ताप आला की आई काडेचिराईत उकळायची, नाक दाबून प्यायला लावायची आणि वर गुळाचा खडा द्यायची. कुणी हौसेने, विकत घेऊन कडू पितं हे मला वाशिंदजवळच्या एका छोट्या बियर कारखान्यात लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. कल्याणला मायक्रोबायोलॉजी शिकले होते. यीस्ट तपासायला म्हणून मला घेतलं, आणि शिकत शिकत मी तिथली ब्रुअर झाले. आता तिथली बियर मी बनवते.

बियरला कडूपणा येतो तो हॉप्समुळे. ही एका वेलीची हिरवी फुलं. थंड मुलखात होतात, आमच्याकडे दाबून केलेल्या गोळ्या पाकिटांतून येतात. पाकीट फोडलं की लिंबाच्या सालीचा, कापलेल्या गवताचा, कधी पिकल्या आंब्याचा वास येतो. जवाच्या गोड पाण्यात या गोळ्या सुरुवातीलाच टाकून तासभर उकळल्या तर कडूपणा उतरतो. शेवटी टाकल्या तर वास राहतो. चहात गवती चहा आपण शेवटी टाकतो, तसंच. बियर आंबल्यावर थंड टाकीत टाकल्या तर नुसता घमघमाट.

कधी टाकायच्या आणि किती, यातूनच प्रकार होतात. पेल एल त्यातली समजूतदार, जवाची गोडी आधी आणि कडू मागून. आयपीए तिच्याहून कडू. तिची एक तऱ्हा लख्ख आणि कोरडी, पपनसाची साल चावल्यासारखी, घशात रेंगाळणारी. दुसरी हेझी, पेजेसारखी गढूळ, तिच्यात फळांचा वास जास्त आणि कडू बेताचं. डबल आयपीए म्हणजे हॉप्सही जास्त आणि चढतेही लवकर. आयपीएच्या नावात इंडिया आहे, इंग्रज इथल्या साहेबलोकांसाठी बोटीने पाठवायचे म्हणतात. आमच्या मुरबाड तालुक्यात कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं मला बाबांना सांगायचं होतं. सहा वर्षं सांगायचं होतं. पण बाबांनी गावात सांगून टाकलं होतं की पोरगी भातसानगरला धरणाचं पाणी तपासते. मला न विचारताच. मी मुरबाडहून जीपने गावात उतरले की पारावर बसलेला कुणी ना कुणी विचारायचा, धरण किती भरलं गो? आणि मी मुकाट्याने पेपरात वाचलेलं सांगायची. बाबा स्वतः घेतात. काका घेतात. मोहाच्या दिवसांत तर डोंगरातल्या पाड्यावरून कॅन घरपोच येतो. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. मुलीने मात्र बनवायची नाही. याचा मला राग यायचा, अजून येतो.

गेल्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न ठरलं. बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "हळदीला तुझ्या कंपनीचा माल मिळंल का गो? नवरीकडची लोकं येनार. जरा चांगलं पायजे."

तुझ्या कंपनीचा. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं, आता चारचौघांत सांगतील. हे माझ्या मुलीने केलंय, एवढं एक वाक्य. मला दुसरं काही नको होतं.

मालकांना सांगून चारही प्रकारांचे क्रेट घेतले, टेम्पो केला आणि हळदीच्या दिवशी दुपारीच पोचले. आधी पेल एल द्यायची, डबल शेवटी, कारण कडक प्यायल्यावर सौम्य बियर पाण्यासारखी लागते. हे काकांना नीट समजावून सांगितलं. काका मान हलवत होते. मग आईने हाक मारली म्हणून मी आत गेले, भावाला हळद लावली, बायकांची गाणी झाली.

बाहेर येऊन बघते तर मांडवामागे सगळ्या बाटल्या मोकळ्या. निळ्या प्लास्टिकच्या पिंपात पेल एल, हेझी, डबल, सगळं एकत्र ओतलेलं, वर बर्फाची लादी फोडून टाकलेली. काका तांब्याने पेले भरत होते.

"काका, हे काय केलंत?"

"काय झाला? याला एक आनि त्याला दुसरी, असा हळदीत नाय चालत. कोन रुसला तं? सगल्यांना सारखीच."

आमच्याकडे हळदीची दारू अशीच वाटतात, हे मीच विसरले होते. मोहाची असो की दुकानातली, एका पिंपात जाते. टाक्यांपाशी आठवडेच्या आठवडे घालवले होते, गोळी कधी टाकायची यावरून मालकांशी भांडले होते, ते सगळं बर्फाच्या पाण्यात गेलं. रडू येत होतं. तरी तिथेच उभी राहिले, कारण ज्यासाठी आले होते ते अजून व्हायचं होतं.

लोक तोंडं वाकडी करत होते आणि पुन्हा पेला पुढे करत होते. नवरीचे मामा बाबांच्या शेजारी बसले होते. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला.

"कडू हाय, पन मजा हाय. कुठून आनलीत?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन हातांवर होते. त्यांनी बघितलं, हे मी शपथेवर सांगेन.

"नवरदेवाचा दोस्त हाय एक," बाबा म्हणाले. "त्यानी पाठवली."

भाऊ पलीकडेच मांडवात पाटावर हळदीने माखून बसला होता. त्याने ऐकलं आणि मान खाली घातली. त्याच्यावर मी आजही चिडलेली आहे, बाबांवर आहे त्याहून थोडी जास्त.

मी म्हटलं, "दोस्ताने नाही, मी बनवली. मी तिथे तेच काम करते."

आवाज चढवला नव्हता. तरी पाचदहा माना वळल्या. मामांनी बाबांकडे बघितलं.

बाबा हसले. "हिला चढली वाटतं," म्हणाले.

मग सगळेच हसले. काका सगळ्यांत मोठ्याने. मी सकाळपासून थेंबही घेतला नव्हता.

मी काकांच्या हातातून तांब्या घेतला, एक पेला भरला आणि बाबांसमोर उभी राहून संपवला. मिळमिळीत, पाणचट झाली होती. फळांचा वास कुठेच नव्हता, नुसतं कडू उरलं होतं. बाबांनी मान फिरवली. आई मांडवाच्या दारातून बघत होती.

लग्न व्यवस्थित पार पडलं. त्यानंतर मी गावात दोनदा जाऊन आले. पारावर आता कुणी काही विचारत नाही, मी जवळ आले की बोलणं थांबतं. आमच्या घरची मुलगी पिते, हे सगळ्या गावाला कळलंय. बनवते ते कुणीच मनावर घेतलेलं नाही.